एक बेट, दोन झेंडे आणि मिठाचं तळं

मागच्या अंकात आपण सेंट मार्टिन बेटाची एक छोटी चौकट छापली होती. कॅरिबियन समुद्रातलं ८७ चौरस किलोमीटरचं बेट, १६४८ च्या तहापासून उत्तरेचा भाग फ्रान्सचा आणि दक्षिणेचा नेदरलँड्सचा, एवढंच त्यात होतं. पण नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत इतक्या वाचकांनी त्यावर विचारलंय की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : भाऊ, आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अन् अर्धं गुजरातमध्ये आहे, एकाच बाकड्यावर बसलेली दोन माणसं दोन राज्यात असतात. पण देश तर एकच आहे ना. तिथे एवढ्याशा बेटावर दोन देशांनी भांडण न करता वाटणी केली, हाई खरं शे का? – एक वाचक, नवापूर

भाऊ, खरं आहे, पण अर्धंच. भांडण झालं होतं आणि रक्त सांडेपर्यंत झालं होतं, फक्त ते फ्रेंच आणि डच यांचं आपसात नव्हतं, स्पेनशी होतं. आणि भांडणाचं कारण होतं मीठ.

आता मिठासाठी कोण कशाला हजारो मैल जाईल असं वाटेल, पण त्या काळचा डच लोकांचा मोठा धंदा म्हणजे हेरिंग मासा, तो पकडायचा, खारवायचा, पिंपात भरायचा आणि युरोपभर विकायचा, त्यामुळे मीठ नाही तर धंदा नाही. हे मीठ यायचं स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून, आणि नेमकं त्याच स्पेनच्या राजाशी डचांचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, १५६८ ला सुरू झालेलं ते १६४८ पर्यंत चाललं. स्पेनने बंदरं बंद केली तेव्हा डच जहाजं मीठ शोधत अटलांटिक ओलांडून थेट कॅरिबियनमध्ये घुसली. सेंट मार्टिनच्या दक्षिणेला समुद्राला लागून एक मोठं खाऱ्या पाण्याचं तळं आहे, आजही त्याला ग्रेट सॉल्ट पाँड म्हणतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की तिथे मीठ आपोआप जमायचं, फक्त काढायला हात पाहिजेत. १६३१ मध्ये डच तिथे उतरले आणि किल्ला बांधला. दोनच वर्षांत, १६३३ ला, स्पेनने तो हिसकावून घेतला. १६४४ मध्ये पीटर स्टायव्हेसंट नावाचा डच अधिकारी तो परत घ्यायला गेला तर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला, पुढे तो लाकडी पाय लावून न्यू ॲमस्टरडॅमचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. बेट काही मिळालं नाही.

मग १६४८ च्या जानेवारीत स्पेन आणि डच यांचा म्युन्स्टरला तह झाला आणि युद्ध संपलं. स्पेनला आता या बेटावर फौज पोसण्यात काही फायदा दिसेना, त्यांनी किल्ला मोडला आणि निघून गेले. बेट मोकळं झालं म्हटल्यावर शेजारच्या सेंट किट्सवरून फ्रेंच आले आणि सेंट युस्टेशियसवरून डच आले. दोघांनाही कळत होतं की इथे लढत बसलो तर तिसराच कोणी येऊन घेऊन जाईल. २३ मार्च १६४८ ला बेटावरच्या एका डोंगरावर सह्या झाल्या, फ्रेंचांकडून रॉबर्ट द लाँगव्हिलिए आणि डचांकडून मार्टिन थॉमस. त्या डोंगराला आज माउंट कॉन्कॉर्डिया म्हणतात आणि तहालाही तेच नाव पडलं.

तहाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. फ्रेंचांनी अँग्विला बेटाकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर राहायचं, डचांनी दक्षिणेला किल्ल्याच्या आजूबाजूला. दोन्हीकडच्या लोकांनी मित्र म्हणून राहायचं. शिकार, मासेमारी, मिठाची तळी, गोडं पाणी, लाकूड, बंदरं या सगळ्यांचा वापर दोघांना सामायिक. बाहेरून कोणी हल्ला केला तर एकमेकांच्या मदतीला धावायचं. म्हणजे जमीन वाटली पण पाणी आणि मीठ वाटलं नाही. माझ्या मते हा तह टिकायचं पहिलं कारण हेच आहे. ज्या वस्तूवरून उद्या डोकी फुटली असती ती वस्तूच त्यांनी दोघांच्या नावावर ठेवली.

पण "भांडण न करता" हे पुढच्या काळाला लागू करू नका. युरोपात युद्ध पेटलं की त्याच्या ठिणग्या इथे पडायच्याच, ब्रिटिशांनीही बेट अनेकदा घेतलं, हा गोंधळ पार १८१६ पर्यंत चालला आणि प्रत्येक वेळी शेवटी गाडी १६४८ च्या वाटणीवरच येऊन थांबली.

प्रश्न : क्लासच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की एक फ्रेंच आणि एक डच माणूस पाठीला पाठ लावून किनाऱ्याने चालत निघाले, जिथे परत भेटले तिथून बॉर्डर आखली. फ्रेंच माणूस वाईन पिऊन निघाला म्हणून जास्त चालला, डच माणूस जिन पिऊन निघाला म्हणून मागे पडला. परीक्षेत लिहिलं तर चालेल का? – एक विद्यार्थिनी, अमळनेर

ताई, नका लिहू. गोष्ट जुनी आहे, बेटावरची पोरंसुद्धा सांगतात, पर्यटकांना तर हमखास सांगतात, पण तहाच्या कागदात चालण्याचा एक शब्द नाही. एवढंच काय, त्या कागदात नीट रेषाच नाहीये! वर सांगितलं तसं "तुम्ही या किनाऱ्यावर, आम्ही त्या किनाऱ्यावर" इतकंच, आणि हद्दीचं पुढचं काम दोन्हीकडच्या वरिष्ठांनी करावं असं म्हणून सोडून दिलंय.

मग फ्रेंचांना जास्त जमीन का मिळाली? त्यांच्याकडे साधारण ५३ चौरस किलोमीटर आहे आणि डचांकडे ३४. त्याचं साधं उत्तर असं दिलं जातं की त्या वेळी आसपासच्या समुद्रात फ्रेंचांची ताकद जास्त होती. पण मी म्हणेन की डचांना घाटा झालाच नाही, कारण ग्रेट सॉल्ट पाँड त्यांच्या वाटणीच्या बाजूला आलं, चांगलं बंदरही तिकडेच. ज्याला मीठ पाहिजे होतं त्याने मिठाची जागा घेतली, नकाशावरचा आकार बघून फसू नका.

प्रश्न : तुमच्या चौकटीत फ्रेंच आले, डच आले. पण ते मीठ काढत कोण होतं? वर्गात मुलांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. – एक शिक्षिका, शिरपूर

मॅडम, आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात महत्त्वाचा आहे, तुमच्या मुलांना शाबासकी सांगा.

मीठ काढत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम, आणि नंतर त्यांची मुलं, नातवंडं. काम कसं असायचं ते थोडं डोळ्यांसमोर आणा. तळ्यात गुडघाभर खारं पाणी, वरून ऊन, खाली मिठाचा कडक थर. तो थर फोडायचा, खडे धुवायचे, सपाट बुडाच्या होडीत भरायचे, होडी ओढत काठाला न्यायची, तिथून टोपल्या भरून डोक्यावरून वाहून ढीग लावायचे, यात बायका मोठ्या संख्येने होत्या. खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहिल्यावर पायाला चिरा पडतात, त्या चिरांत परत तेच पाणी जातं. अशा कामातून निघालेलं मीठ जहाजात भरून जायचं आणि पैसा मालकाच्या पेटीत. पुढे अठराव्या शतकात उसाचे मळे लागले तेव्हा ऊसतोडणी आणि चरकावरचं कामसुद्धा याच लोकांच्या अंगावर आलं.

आता वाटणीची रेषा यांच्यासाठी काय होती ते बघा, कारण इथे इतिहास एकदम वेगळं वळण घेतो. फ्रान्सने २७ एप्रिल १८४८ ला आपल्या वसाहतींमधली गुलामी कायद्याने संपवली आणि मे महिन्याच्या शेवटी ती बातमी सेंट मार्टिनच्या उत्तर भागात जाहीर झाली. नेदरलँड्सने मात्र काहीच केलं नव्हतं. म्हणजे एकाच छोट्या बेटावर, एका डोंगराच्या या अंगाला माणूस मोकळा आणि त्या अंगाला माणूस मालकाची मालमत्ता. मधे भिंत नाही, नदी नाही, तार नाही. रात्री चालायला लागलं तर उजाडायच्या आत पलीकडे. डच बाजूच्या डायमंड नावाच्या मळ्यातून २६ जण असे निघून पलीकडे गेले, ही घटना बेटावर आजही अभिमानाने सांगितली जाते.

मळेवाल्यांना लगेच कळून चुकलं की आता कोणाला धरून ठेवणं शक्य नाही, कामाला हात पाहिजे असतील तर मोकळं म्हणून वागवावं लागेल आणि मजुरी द्यावी लागेल. कायदा तसाच होता, पण व्यवहारात डच बाजूची गुलामीही १८४८ मध्येच मोडून पडली. नेदरलँड्सने कागदावर ती संपवली १ जुलै १८६३ ला, म्हणजे पंधरा वर्षं उशिरा. आणि तेव्हा नुकसानभरपाई दिली ती कोणाला, तर मालकांना! सुरिनाम या दुसऱ्या डच वसाहतीत माणसामागे ३०० गिल्डर (डच चलन) दिले आणि सेंट मार्टिनच्या मालकांना फक्त १००, कारण तिथले लोक आधीच स्वतःच्या पायाने मोकळे झालेले होते हे सरकारलाही मान्य करावं लागलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिठात पाय झिजवले त्यांना एक पैसा नाही. हे वाचताना मला आजही संताप येतो आणि यावा असंच मला वाटतं.

अजून एक सांगतो. वाईन आणि जिनची गोष्ट जशी बेटावर सांगतात तशी तिथे एक दुसरीही गोष्ट आहे, वन-टेटे लोके नावाच्या बाईची. ही गुलाम बाई मळ्यातून पळाली, पकडली गेली, शिक्षा म्हणून मालकाने तिचा एक स्तन कापायला लावला, ती त्यातून जगली आणि परत पळाली, डोंगरात राहिली, आणि मग कोणाच्या हाती लागली नाही. लोककथाच आहे, कागदोपत्री पुरावा शोधायला गेलात तर मिळणार नाही, पण डच बाजूला तिचा पुतळा उभा केलाय लोकांनी. दोन्ही लोककथाच असल्या तरी मुलांना एकच सांगायला वेळ असेल तर लोकेची सांगा, कारण त्या बेटावर बहुसंख्य लोक कसे जगले ते तिच्यात आहे, दारू पिऊन चालणाऱ्या दोन साहेबांच्या गोष्टीत ते सापडत नाही.

मीठ काढायचं काम १९४९ पर्यंत चाललं, नंतर बंद पडलं. आज त्या तळ्याचा बराच भाग भराव टाकून बुजवलाय आणि तळ्याच्या मधोमध शहराचा कचरा डेपो आहे.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर आहे, हद्द म्हटलं की आमचा जीव तिथेच अडकतो. आज तिथे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला पासपोर्ट लागतो का? दोन देश म्हटल्यावर लाईट, फोन, पैसा हे कसं चालतं? – एक आजोबा, भुसावळ

काका, रस्त्यावर कोणी अडवत नाही. १९४८ मध्ये तहाला ३०० वर्षं झाली म्हणून बॉर्डरवर एक दगडी स्तंभ बांधला, झेंडे आहेत, बोर्ड आहे, आणि गाड्या सरळ निघून जातात. भाजी इकडे घ्यायची, नोकरी तिकडे करायची, सोयरीक दोन्हीकडे, असं चाललेलं असतं. आणि बोलतात काय, तर दोन्हीकडे घराघरात इंग्रजी! सरकारी भाषा म्हणाल तर उत्तरेला फ्रेंच, दक्षिणेला डच आणि इंग्रजी दोन्ही.

पण तुम्ही विचारलेल्या गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. फोनचे कोड वेगळे, पलीकडच्या गल्लीत फोन लावला तरी तो परदेशातला कॉल. वीज उत्तरेला २२० व्होल्ट आणि दक्षिणेला ११०, म्हणजे इकडचा मिक्सर तिकडे लावताना विचार करावा लागतो. उत्तरेला युरो चालतो, दक्षिणेला गिल्डर, मार्च २०२५ पासून त्यांनी नवा कॅरिबियन गिल्डर आणलाय, आणि डॉलर तर दोन्हीकडे घेतात. उत्तरेचा भाग युरोपियन युनियनमध्ये मोडतो, दक्षिणेचा मोडत नाही. दक्षिण भाग २०१० पासून नेदरलँड्सच्या राज्यातच राहून स्वतःचा कारभार स्वतः बघतो, त्यांचा पंतप्रधान वेगळा, पार्लमेंट वेगळं.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा त्याने उत्तर-दक्षिण काही बघितलं नाही, दोन्हीकडची घरं सारखीच उडाली. मदत मात्र दोन वेगळ्या राजधान्यांतून, दोन वेगळ्या हिशेबांनी आली.

आणि अडवलं कधीच नाही असंही नाही बरं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात फ्रेंच बाजूने रस्त्यांवर अडथळे लावले आणि पोलिस उभे केले, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, कोणाची आई पलीकडे, कोणाचं दुकान पलीकडे, लोकांनी ऐकूनच घेतलं नाही. काही आठवड्यांनी ते अडथळे निघाले. मला वाटतं तहातलं "मित्र म्हणून राहायचं" हे कलम सह्या करणाऱ्यांपेक्षा या साध्या लोकांनीच जास्त पाळलंय.

नेमकी रेषा नव्हती हे वर सांगितलंच. पूर्वेला ऑयस्टर पाँड नावाची खाडी आहे, ती कोणाची यावर शतकानुशतकं दोन मतं होती आणि २०१६ मध्ये तिथल्या एका हॉटेलवर फ्रेंच पोलिस गेले तेव्हा वाद चांगलाच पेटला, डच बाजू म्हणाली ही आमची हद्द आहे, तुम्ही आलात कसे. शेवटी २६ मे २०२३ ला दोन्ही बाजूंनी करार केला आणि अख्ख्या बेटाची रेषा पहिल्यांदा नीट ठरवली. १६४८ ला सोडून दिलेलं काम ३७५ वर्षांनी पुरं झालं, काका, आपल्याकडचा सातबारा त्यापेक्षा लवकर होतो!

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतोय. अशी वाटून घेतलेली अजून बेटं कोणती? आणि हाच तह का टिकला, बाकीचे का मोडले? – एक विद्यार्थी, चोपडा

दादा, तीन लक्षात ठेव, बाकीची पुस्तकात मिळतील.

पहिलं सेंट किट्स, सेंट मार्टिनच्या अगदी जवळ. इथे १६२७ ला इंग्रज आणि फ्रेंच यांनी वाटणी केली, मधला भाग इंग्रजांचा आणि दोन्ही टोकं फ्रेंचांची. त्याच्या आदल्या वर्षी, १६२६ मध्ये, दोघांनी मिळून तिथल्या मूळच्या कालिनागो लोकांची कत्तल केली होती, म्हणजे आधी घरमालकाला संपवलं आणि मग घर वाटलं. इथेही मिठाची तळी सामायिकच ठेवली होती, तरी तह टिकला नाही. १६६६ ला लढाई, १६८९-९० ला परत लढाई, आणि शेवटी १७१३ च्या उट्रेक्ट तहात सगळं बेट ब्रिटनकडे गेलं. तुझ्या "का" चं उत्तर मला इथेच दिसतं. सेंट किट्सची जमीन सुपीक, पाऊस चांगला, उसात भरपूर पैसा, त्यामुळे दोघांनाही सगळंच पाहिजे होतं. सेंट मार्टिन कोरडं, पाणी कमी, माती साधारण, तिथे मीठ सोडलं तर फौज पाठवून लढत बसण्याइतकं मोठं काही नव्हतं. नुसत्या सामायिक अटीने तह टिकत नाही, समोरच्याला उरलेला अर्धा भाग खर्च करून घ्यावासा वाटू नये हेही लागतं. मी वर मिठाच्या अटीला पहिलं कारण म्हटलं, त्याला हे दुसरं जोड.

दुसरं हिस्पॅनिओला, आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक. १६९७ च्या रिस्विक तहानंतर स्पेनने पश्चिमेकडचा फ्रेंचांचा ताबा चालवून घेतला आणि १७७७ च्या अरानह्वेस तहाने रेषा आखली. पश्चिम भागातल्या गुलामांनी उठाव करून १८०४ ला हैती स्वतंत्र केलं, हे वर्ष चुकवू नकोस.

तिसरं आपल्या आशियातलं, तिमोर, आणि परीक्षेला विचारतात ते बहुतेक हेच. पूर्वेला पोर्तुगीज, पश्चिमेला डच, भांडणाचं मूळ चंदन. २० एप्रिल १८५९ ला लिस्बनमध्ये तह झाला. त्याच्या आधी पोर्तुगीज गव्हर्नर लोपेस द लिमा याने पैशाची चणचण होती म्हणून लिस्बनला न विचारता फ्लोरेस बेटावरचा हक्क डचांना देऊन टाकायचं ठरवलं आणि त्याची आगाऊ रक्कमसुद्धा घेतली, त्याला माघारी बोलावलं पण व्यवहार काही उलटला नाही, तोच तहात पक्का झाला, एकूण २ लाख फ्लोरिनला (फ्लोरिन म्हणजे तेच डच गिल्डर). तिमोरमध्ये मात्र तहाने गुंता ठेवला, ओएकुसी नावाचा पोर्तुगीज तुकडा डच भागाच्या पोटात राहिला, त्याच्या पूर्व हद्दीचं भांडण हेगच्या लवादात गेलं आणि १९१४ ला स्विस लवाद शार्ल एदुआर लार्डी याने निकाल दिला. पुढे डच भाग इंडोनेशियात गेला. पूर्व भागावर १९७५ मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केलं, ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं आणि २० मे २००२ ला तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाला. ओएकुसी आजही त्यांचाच आहे, तिन्ही बाजूंनी इंडोनेशिया आणि चौथ्या बाजूला समुद्र, राजधानी दिलीहून तिथे बोटीने किंवा विमानाने जायचं, नाहीतर रस्त्याने जायला इंडोनेशियाची हद्द दोनदा ओलांडायची. नकाशा काढून बघ, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही.